विनूची उतरणारी हवा

२१ डिसेंबर. तूर घरी यायची होती, पोत्यांना जागा हवी होती, म्हणून बदनापूरच्या घरातली विनूची खोली मी रिकामी करत होते. विनू माझा धाकटा भाऊ. छातीत दुखून पहाटे गेला, त्याला महिना झाला. टेबलावरचा कॉम्प्युटर तेवढा हलवायचा राहिला होता आणि दारात गाडी थांबली. पुण्याचे सर आले होते... विनू पूर्वी ज्यांच्या हाताखाली काम करायचा, ते.

विनू ध्रुवावरच्या हवेचा अभ्यास करायचा. गावात कुणी विचारी, "विनूभाऊ, पाऊस कधी?" तो म्हणे, "काका, मला फक्त उत्तर ध्रुवाचं माहीत." "मंग तिकडंच पेरणी करून राह्यला का?" असा टोला मिळे, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसे. मला मात्र त्यानं एकदा चहा पिता पिता नीट समजावलं होतं. ध्रुवावर हिवाळाभर सूर्य उगवत नाही आणि फार उंचावरची हवा हळूहळू खाली उतरते. हवा काही दिसत नाही, म्हणून तिच्यात अगदी थोडा असलेला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. तो जितका खाली आला तितकी हवा उतरली, असं धरतात. "मंग अडलं कुठं?" मी विचारलं. "अक्का, आपल्या स्टेशनात गाडीतली माणसं मोजून नांदेडहून किती निघाली ते सांगता येतं का? वाटेत कुणी चढतं, कुणी उतरतं. ह्यो वायू बी वाटेत नवा तयार होतो, नाहीसा होतो. ते धरलंच न्हाई तर वेग बराबर कसा येईल?"

कॉम्प्युटरवर हवेचं गणित मांडणाऱ्या त्याच्या मॉडेलनं नेमकं हेच दाखवलं. पण सरांचं नाव ज्या लेखामुळं झालं, तो जुन्याच रीतीवर उभा होता. "हा निष्कर्ष काढून टाक," ते म्हणाले. यानं काढला नाही. पुढं त्याचं कंत्राट वाढलं नाही. तो इथं आला, शिकवण्या घेऊ लागला, उरलेल्या वेळात मॉडेल चालवत राहिला. लेख छापायला पाठवायचा, तो परत यायचा. "सोड की आता," मी म्हणायचे. "मी सोडल्यानं हवा उतरायची थांबती का, अक्का?" हेकट होता. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र विसरायचा...

सरांनी चहा घेतला. म्हणाले, "विनायकचं बरोबर होतं, ताई. आता सगळे तेच म्हणतायत. त्याचं मॉडेल आम्हाला द्या. लेख छापू, त्याच्या स्मृतीला अर्पण करू."

"लेखावर नाव कुणाचं?"

"त्याचे नियम असतात... अर्पणाच्या ओळीत येईल की त्याचं."

"त्याचं बराबर आहे, हे तो नोकरीविना घरी बसून होता तवा का न्हाई बोलले?"

त्यांनी कप खाली ठेवला. मी "कळवते" म्हणून त्यांना वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विनूसोबत काम केलेल्या दीपाला फोन लावला. ती सांगत गेली, मी कॉम्प्युटरची बटणं दाबत गेले. विनूचं सगळं मॉडेल, त्याच्या निष्कर्षासकट, त्याच्याच नावानं, कुणालाही फुकट घेता येईल असं इंटरनेटवर चढवलं. सरांनाही व्हॉट्सॲपवर तीच लिंक पाठवली. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. मग मी कॉम्प्युटर हलवला आणि तुरीच्या पोत्यांना जागा केली.