रंगीत तालमीला न आलेली बैलजोडी

नव्वदच्या दशकात मी श्रीगोंदा तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. सरकारी कागदावर माझं पद ‘व्रणोपचारक’. शब्द असा भारदस्त, की मुलगी देताना सासऱ्यांनी मला पुण्याचा सर्जनच समजलं. प्रत्यक्षात काम बैलांच्या जखमा धुण्याचं. तरी लोक मला डॉक्टर म्हणत, कारण खरे डॉक्टर बाराही महिने मीटिंगला.

त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली आणि कर्नाटकाकडे बैलांत लाळ्या-खुरकूत पसरल्याची खबर आली. हा रोग फार हलकट. बैलाच्या तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळेची तार पार जमिनीपर्यंत. बैल ना खातो ना चालतो, आणि एका हौदावर पाणी प्यायला की शेजाऱ्यालाही देऊन जातो. कारखान्याच्या तळावर तर बैलगाड्या अशा खेटून, की एका बैलाने शेपटी हलवली की दुसऱ्याचे डोळे मिटावेत.

मग बंदोबस्तासाठी समिती निघाली. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तिघांनी मिळून म्हणे रोगाला सीमेवरच गाठायचं. पहिला इशारा आला तो कानडीत. नगरच्या कचेरीत कानडी कुणाला येईना. कागद स्टँडवरच्या उडप्याकडे गेला. त्याने डोसा उलटता उलटता वाचला आणि म्हणाला, “रोग येतोय म्हणतात. सोबत चटणी कुठली देऊ?” कचेरीने इंग्रजीत उत्तर धाडलं, हैदराबादेहून त्याची तेलुगूत पोच आली, ती पुन्हा उडप्याकडे गेली, आणि त्याने हात जोडले. मी वाढवून सांगत नाही, पण शिक्क्यांच्या वजनाने तो कागद उचलायला शेवटी दोन शिपाई लागले.

इकडे तळावर पाथर्डीकडची एक बाई होती. नवरा-बायको, एक टायरगाडी आणि बैलांची जोडी. वासरं असल्यापासून तिनेच वाढवलेली. बैल बसले तर तिचा हंगाम बसला, इतका सरळ हिशेब. तिची बहीण सीमेपलीकडच्या कारखान्यावर तोडीला होती. तिने कांद्याच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, “जोडी हौदावर नेऊ नको.” निरोप एका दिवसात पोचला. ना शिक्का, ना पोच. त्याच दिवशी बाईने कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, मोडली, पार पलीकडच्या बांधाला नेऊन उभी केली आणि बैलांना घागरीने पाणी आणून पाजू लागली.

समितीला यानंतर पंधरा दिवसांनी सुचलं ते असं : रोग आलाच तर काय करायचं याची रंगीत तालीम, तिन्ही राज्यांच्या पाहुण्यांसमोर, आमच्या तळावर. लस आली होती, पण नगरच्या साहेबांनी फ्रिजला कुलूप घातलं. पहिली सुई पाहुण्यांच्या हस्ते! तोवर लस थंड आणि बैल उघडे. वर हुकूम, “गर्दी दिसली पाहिजे. तळावरची सगळी जनावरं एका रांगेत, हौदाजवळ. कमी वाटली तर शेजारच्या कारखान्यावरनं आणा.”

रोग पसरू नये म्हणून सगळे बैल एका हौदावर गोळा करणारी अक्कल तीन राज्यांनी मिळूनच निघू शकते. एकट्या राज्याच्या आवाक्यातली ती नव्हे.

मला बाईकडे पिटाळलं.

“ताई, जोडी घेऊन या. साहेबांचा हुकूम आहे.”

“डाक्टर, तुमच्या साहेबाला पडसं झालं तर ते गावजेवणात शिंकत फिरत्यात का?”

“सुई मिळणार नाही मग.”

“सुई घालायची तर हितं या. माझी बैलं कुनाच्या उष्ट्या पान्याला न्हाई यायची.”

“उसाची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर घेऊ देणार नाहीत, म्हणतात.”

यावर ती बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “गाडी अडवली तर बैलं जित्ती ऱ्हात्यात. जावा.”

तालमीच्या दिवशी मंडप, हार, नारळ. शेजारून आणलेल्यांत एका बैलाच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मी साहेबांच्या कानाशी लागलो.

“उन्हाने असेल,” साहेब म्हणाले. “पुसून घे. पाहुणे आले.”

मी पुसली. आणि पाहुण्यांना सगळे बैल स्वच्छ दिसावेत म्हणून त्याच टॉवेलाने पुढच्यांचीही तोंडं पुसत गेलो. साहेबांना मी आजवर पुष्कळ शिव्या दिल्या, पण तो टॉवेल माझ्या हातात होता.

भाषणं तीन भाषांत झाली. बैलांना तिन्ही सारखीच कळली. रांगेतल्या बैलांना सुया टोचल्या, फोटो निघाले, पाहुणे जेवून गेले. लशीचा गुण यायला दोन आठवडे लागतात; आठवडाभरातच तळ बसला. जिकडे पाहावं तिकडे बैल जिभा बाहेर काढून उभे, खुरं झाडतायत. गाड्यांची जोखडं जमिनीवर. तोडलेला ऊस फडात वाळत पडला.

समितीचा अहवाल आला. तालीम यशस्वी. रोग कुठून आला यावर तिन्ही राज्यांचं एकमत, की शेजारून. आणि सहकार्य न केल्याबद्दल त्या बाईला नोटीस. बजावायला कोण? व्रणोपचारक.

नोटीस घेऊन बांधाकडे निघालो. तिची जोडीही बसलेली असली तर? लाळ उडते, वाऱ्याने जाते, कुणाच्याही चपलेला लागते. म्हणून बांधाअलीकडेच चपला काढल्या, हातपाय धुतले, सदरा झटकला. तिने ते पाहिलं.

“या डाक्टर. काय आनलंय?”

“नोटीस आहे. वाचून दाखवू?”

“मला कशाला? ज्यांनी यायला न्हाई म्हनलं, त्यांना दाखवा.” तिने बैलांकडे बोट केलं.

मी कागद पुढे केला तर उजव्या अंगाच्या बैलाने मान लांबवून तो ओढला आणि सावकाश चावायला लागला. तीन राज्यांचे शिक्के, सही, जावक क्रमांक, सगळं. तोंडात फोड असलेला बैल मऊ घासालाही तोंड लावत नाही. मी वाकून पाहिलं. जीभ ओली, गुलाबी, साफ. डावाही मान वळवून बघत होता, आपल्यालाही काही मिळतंय का.

“अजून हाय का एखादी?” बाईने विचारलं.

कचेरीत जाऊन मी नोंद केली : नोटीस बजावली. समोरच्या पक्षाने पूर्ण स्वीकारली.