घरात छत्री उघडून जेवणारा माणूस

आधीच सांगून टाकते, प्रेमानंदअण्णाला मी येडा समजलते. आता आठवलं की हसू येतंय, पण माझी तरी काय चूक? मार्च महिना, ऊन नुसतं भाजत हुतं, आणि अनगोळातल्या ह्या अपार्टमेंटात राहायला येऊन आमाला दोनच दिवस झालते. विरजणाला चमचाभर दही मागावं म्हणून समोरच्या दाराशी गेले. दार उघडंच. आत एक टकला माणूस टेबलावर भाकरी खात बसलाय, आणि डाव्या हातात छत्री. उघडलेली. घरात.

"या आक्का," म्हणला. छत्री तशीच डोक्यावर. "दही देतो. जरा भिंतीकडनं या, मधी थेंब पडतोय."

माझं थेंबाकडं कुठलं लक्ष, मी छत्रीच बघत उभी. घरला येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, समोरचा माणूस डोक्यानं गेलाय, दाराला कडी लावत जावा. हे म्हणले, "येडा असंना, दही तर दिलं न्हवं?"

ह्या येड्यानं तीस वर्सं बेळगावात गल्लोगल्ली नळाचं पाणी सोडलंय बरं का. छातीएवढी लोखंडी किल्ली सायकलीला बांधून फिरायचा. रस्त्यातलं झाकण उचलून किल्ली फिरवली की सगळ्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन पळायच्या. ती किल्ली अजून त्याच्या दाराआड उभी हाय. मी चिडवते त्याला, "अण्णा, सगळ्या गावाचं पाणी चालू-बंद केलासा, आणि डोक्यावरचा एक थेंब बंद हुईना व्हय?"

"ह्या थेंबाची किल्ली वरच्या मजल्यावर हाय आक्का," म्हणतो.

वर राहतोय भावकू. गुंजीकडचा, गावाकडं भातशेती, हितं जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात सुपरवायझर, आणि आमच्या असोसिएशनचा सेक्रेटरी. वडील गेल्यावर त्यानं आईला, अंबुबाईला, हितं आणलं. म्हातारीला फरशीवर आंघोळ जमंना. पाय घसरतोय म्हणायची, दवाखान्यात धुवायला घेतल्यागत वाटतंय म्हणायची. मग पोरानं काय करावं? गावाकडच्या न्हाणीतला दगड टेंपोत घालून आणला. लिफ्टात मावला न्हाय, चार माणसांनी जिन्यावरनं वर नेला. बाथरूमची फरशी फोडली, दगड नीट बसावा म्हणून आणि चार बोटं खाली खणलं. पाणी खाली झिरपू नये म्हणून फरशीखाली जो थर असतोय, तोच खणून टाकला.

दगड मी बघितलाय. काळा, मधी बसून बसून खोलगट झालेला. त्याच्यावर म्हातारीला हळदीचं पाणी घातलेलं, तिच्या चारी बाळंतपणातली न्हाणं त्याच्यावरच. त्याला वाईट कसं म्हणू मी? पण ती त्याच्यावर बसून हंडाभर पाणी घेती, आणि ते पाणी स्लॅबातनं वाट काढत अण्णाच्या टेबलावर येतंय. तितनं भिंतीत, आणि भिंतीतनं अक्षराच्या खोलीत.

अक्षरा म्हंजे अण्णाची पोरगी. बायको जाऊन धा वर्सं झाली, घरात हे दोघंच. पोरगी सरकारी अधिकारी व्हायच्या, केएएसच्या परीक्षेला बसलेली, दिवसभर त्या खोलीत पुस्तकं घेऊन. भिंतीला काळी बुरशी धरली, पुस्तकांना वास लागला, आणि पोरगीची छाती वाजाय लागली. पायरी चढली तरी शिट्टी वाजल्यागत आवाज. डॉक्टरनं सरळ सांगितलं, एक तर भिंत वाळवा, न्हायतर पोरगीला हलवा.

अण्णा तीनदा वर गेला. भावकू दारातच उभा राहून ऐकायचा. "बघतो," म्हणायचा. चौथ्यांदा अण्णा रवळू गवंड्याला घेऊन गेला. रवळू लई हुशार. अंबुबाईच्या हंड्यात त्यानं कपड्याची नीळ कालवली आणि म्हणला, आता घाला आंघोळीचं पाणी दगडावर. आमी खाली टेबलाभोवती बसलो, वर बघत. दीड तासानं छतातनं थेंब आला. निळा. ताटलीत पडला, टप्प.

"दगड काढून खालचा थर नव्यानं घातल्याशिवाय हे थांबत न्हाय," रवळू म्हणला. "दगड परत बसवता येतोय. आठ दिवसाचं काम."

अंबुबाईला ते निळं बघायला बोलावलं. आली, आणि उंबऱ्याभाईर थांबली. अक्षरानं चहा आणलता. म्हातारी म्हणली, "आज उपास हाय गं बाई."

त्या दिवशी मंगळवार. गुरवारी परत आली, तवाबी उपास. शनवारीबी उपास. आणि त्याच शनवारी माझ्या घरात बसून दोन कप चहा आणि खारी खाऊन गेली, ते मी अण्णाला सांगितलं न्हाय. त्याला सांगायची गरज न्हवती. अंबुबाई जिना चढून गेल्यावर तो चहाचा कप स्वतःच प्याला आणि मला म्हणला, "आमचा चहा चालत न्हाय, आणि तिच्या आंघोळीचं पाणी आमच्या ताटात चालतंय. कसं वो आक्का हे?"

मी रिकामा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला.

मग मिटिंग झाली, खाली पार्किंगमध्ये, खुर्च्या टाकून. अण्णा वकिलाला विचारून आलता. म्हणला, बाथरूमची फरशी आणि तिच्याखालचा थर वरच्या मालकाचा, फोडला त्यानं, नीट करायचा त्यानं. निळ्या डागाचा फोटो दाखवला.

भावकूनं फोटो हातातबी घेतला न्हाय. "निळा रंग व्हय? तो तर तुमच्या घरात कायमच असतोय की," म्हणला.

सगळी हसली. काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलंतं, म्हणूनच हसली. आता खोटं कशाला बोलू, मीबी हसले. तोंडावर पदर धरला, पण हसलेच. अण्णानं माझ्याकडं बघितलं न्हाय. अक्षरानं बघितलं.

मग भावकू म्हणला, "स्लॅब सगळ्यांचा हाय. तोडायचा तर खर्च सगळ्यांच्यावर बसंल." हे ऐकल्याबरोबर सगळ्यांचं हसू गेलं. तितल्या तितं ठराव लिवला: पाणी जिथं पडंल, तिथल्या मालकानं आपापलं बघून घ्यायचं. पहिली सही भावकूची. मीबी केली. नव्यानं आलोय, सेक्रेटरीशी वाकडं कशाला, असं मनात आलं. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर अण्णानंबी केली. म्हणला, "एक कॉपी मला द्या."

पोरगी जूनच्या आधीच गेली, निपाणीला आत्तीकडं. अण्णाची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेली, बिड्या वळून वळून खोकत गेलेली. त्या धुरळ्यातनं भाईर पडायचं म्हणून अण्णा बेळगावला आला, नोकरी केली, तीस वर्सं साठवून हे घर घेतलं. आणि त्याची पोरगी श्वास घ्यायला निपाणीला गेली. बॅग मी खाली नेऊ लागले, तर तिनं माझ्या हातातनं काढून घेतली. "राहू द्या मावशी," एवढंच म्हणली. बरोबरच हाय तिचं.

परीक्षा तितनंच दिली. निकाल लागायचाय. छाती वाजायची थांबलीय म्हणं, पण बापाकडं राहायला येती म्हणली की अण्णाच नको म्हणतोय. दगड वर जसाच्या तसा. अंबुबाई रोज हंडाभर पाणी घेती. खाली अण्णा तीन बादल्या मांडतोय, आणि जेवताना छत्री.

पण माणूस गप बसणारा न्हाय. बादल्यातलं पाणी तो गॅलरीतल्या कुंड्यांना घालाय लागला. मिरच्या, झेंडू, एक लिंबाचं रोप. कठड्यावर ओळीनं. आणि बरोबर त्याच्याखाली भावकू आपली नवी पांढरी गाडी लावतोय. गेल्या रविवारी सकाळी मी दारात मेथी निवडत बसलेली, तर भावकू तावातावानं वर आला.

"ओ प्रेमानंद, तुमच्या कुंड्यांचा चिखल माझ्या गाडीवर गळतोय. टपावर बघा काय झालंय ते."

अण्णानं आत जाऊन ठरावाची कॉपी आणली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय, भिजू नये म्हणून. "वाचा."

"हे घरातल्या गळतीचं हाय."

"कुठं लिवलंय घरातल्या म्हणून?"

भावकूनं दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस रं भावकू," मी म्हणलं. "सही माझीबी हाय, पण पहिली तुझी."

"अवो पण पाणी कुणाचं हाय ते?" तो अण्णाला म्हणला. "तुमचंच न्हवं? मग तुमी बघायला नको?"

"न्हाय," अण्णा म्हणला. "पाणी तुमच्या आईच्या आंघोळीचं हाय. मी निस्तं खाली पाठवतोय. पटत नसंल तर हंड्यात नीळ घाला, दीड तासानं गाडीवर बघा."

पाणी आपल्या आईचंच म्हणला तर भावकूला दगड काढावा लागतोय, न्हाय म्हणला तर ठरावापरमाणं गाडीवरचा चिखल त्यानंच बघायचा. कागद अण्णाच्या हातात देऊन तो जिना उतरला. आमी कठड्यावरनं बघितलं. खिशातल्या रुमालानं त्यानं टप पुसला, गाडी काढली, आणि गेटाबाहेर उन्हात नेऊन लावली.

अण्णानं बादली उचलली. "आक्का, मिरचीला आणि थोडं घालू व्हय?"

"घाला की," मी म्हणलं.