उंबऱ्याबाहेरचा चहा

आमच्या कॉलनीच्या गेटवर मोहाच्या फुलाचं एक सोनेरी चित्र आहे. संध्याकाळी त्याच्यामागे दिवे लागतात. ते पाहिलं की मला शिसारी येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई उगाच चिडते. ज्या गावची झाडं पाडून ही कॉलनी उभी राहिली, त्याच झाडाचं फूल गेटवर मिरवायचं! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात याला आमच्याकडे.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. सासरे सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले आणि नेहरू नगरात राहून इथलेच झाले. ह्यांची नोकरी मंडीदीपच्या कारखान्यात. रिटायर व्हायच्या आधी ह्यांनी या गावाच्या कडेला प्लॉट घेतला, तेव्हा नातेवाईक फिदीफिदी हसले होते. दारूवाल्यांच्या गावात घर बांधता का म्हणे! हेच लोक आता नाशिकला जाऊन द्राक्षाच्या मळ्यात वाइन पितात आणि फोटो टाकतात. तिथे संस्कृती, आणि इथे दारूवाले.

हो, गाव मोहाच्या दारूचंच होतं. टेकाडावर मोहाची झाडं होती आणि प्रत्येक झाड एकेका घराचं होतं. खालची जमीन कुणाची का असेना, झाड ज्याचं त्याचं. होळीच्या सुमारास पानं गळली की बायका आपापल्या झाडाखालचा पाचोळा झाडून काढायच्या आणि जमीन शेणाने सारवायच्या. मग पहाटे फुलं टपटपायला लागायची, मऊ, रसाळ, पिवळसर पांढरी. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलत नसे. सुरुवातीला त्या गोड, जड वासाने माझं डोकं उठायचं. दोन-तीन उन्हाळे गेले आणि तो वास आला नाही तर चैत्र आला असं वाटेना.

आमच्या समोरच जिज्जीचं घर होतं. इकडे थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात, पण हिला सगळं गावच जिज्जी म्हणायचं. मला ती बहू म्हणते. तिच्या नवऱ्याला सगळे बब्बा म्हणत. बब्बा म्हणजे भारी वल्ली. फुलं वाळली की परसात हंडा चढवायचे, थेंब थेंब गळणारी धार बघत बसायचे आणि पहिली धार मात्र कुणाला चाखू द्यायचे नाहीत, स्वतःही चाखायचे नाहीत. ती झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर सोडायची, घरातल्या गेलेल्यांसाठी. नंतर मग ह्यांना हाक, "आओ इंजीनियर साब!" हे काही इंजिनियर नव्हते, सुपरवायझर होते, पण ही बढती ह्यांना फार आवडायची.

मग शहर आलं. शेतं विकली गेली, टेकाड सपाट झालं, झाडं गेली. फुलं धुवायच्या नाल्यात आता कॉलनीच्या संडासांचं पाणी वाहतं, आणि ज्या गावाने कधी दारू विकत घेतली नाही त्या गावाच्या तोंडाशी दारूचा ठेका आहे, तिथे गावातली पोरं दुपारपासून लाइन लावतात. कंपाउंडची भिंत घातली तेव्हा आमचं घर आत आलं आणि जिज्जीचं बाहेर राहिलं, अगदी गेटसमोर. तिचं झाडही आत आलं. तेवढं एक झाड बिल्डरने ठेवलं, कारण त्याला बागेत सावली हवी होती. पण जिज्जीने फुलं वेचायला यायचं, हे तोंडी ठरलं होतं आणि वॉचमन तिला अडवत नसे. पहाटे टोपली घेऊन ती यायची, चप्पल लांब काढून ठेवायची आणि वाकून वेचायची.

गेल्या थंडीत बब्बा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. त्यानंतर रोज सकाळी मी बघायची, जिज्जी उंबऱ्याबाहेर चहाचा एक कप ठेवते. मला वाटलं कावळ्याला ठेवत असेल. विचारलं तेव्हा म्हणाली, बब्बांसाठी. त्यांच्यात असं आहे की माणूस गेला की पुढच्या फुलोऱ्याला घरच्याच झाडाची पहिली धार त्याच्या नावाने जमिनीवर सोडायची. मग तो घरातल्या वाडवडिलांत जाऊन बसतो. तोवर तो दाराबाहेर उभा असतो, आत यायला त्याला वाट नसते.

"बाजारातून फुलं आणून देऊ का? वाळलेली मिळतात," मी म्हटलं. ती हसली. "बाजार का तो पीने का होता है, बहू."

म्हणजे आमच्या बागेतल्या त्या एका झाडावर तिचं सगळं अडलं होतं. फाल्गुनात झाडाला कळ्यांचे झुबके लटकले आणि ती रोज संध्याकाळी गेटमधून मान वर करून बघून जायची. माझ्याच जिवाला घोर लागला होता. कॉलनीच्या अध्यक्ष मॅडमना मी स्वतः जाऊन भेटले. बाई पुण्याच्या, साहेबांच्या बदलीबरोबर आलेल्या, बोलणं असं की साखर पेरावी. मी बब्बांचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मॅडम, एवढा फुलोरा होईपर्यंत त्या झाडाला कुणी हात लावू नका. बाकी काही नको."

त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "काकू, किती सुंदर आहे हे! आपण जिज्जींचा सत्कारच करू या."

मी म्हटलं, सत्कार नको, झाड सोडा. त्या म्हणाल्या, "हो हो, ते तर आहेच."

पाडव्याच्या दिवशी सकाळी माझी गुढी उभारून झाली होती. कडुनिंबाचा पाला वाटत होते, तेवढ्यात बागेतून फिनाईलचा वास आला. मोहाचा नाही, फिनाईलचा! तशीच हात न धुता धावले. काय बघते, झाड बोडकं. शेंडा सोडून सगळ्या फांद्या झुबक्यांसकट छाटलेल्या आणि त्या नेऊन बांधलेल्या स्टेजला. वर पाटी, हेरिटेज पाडवा. झाडाखाली पडलेली फुलं झाडून कचऱ्याच्या काळ्या थैलीत, आणि जिथे शेणाने सारवायचं तिथे बादलीभर फिनाईल ओतून वर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, स्टेजवरही तेच. कारण काय, तर लोक खाली बसणार, माश्या नकोत, स्वच्छता हवी. आपल्या बायकांना सणाला घर घासूनपुसून लख्ख करायची सवय, ती तिथे कामी आली. जळलं मेलं ते हेरिटेज!

मॅडम म्हणाल्या, "काकू, बघितलंत? जिज्जींच्या झाडाला आपण मंचावर आणलं." त्या खरंच खूश होत्या. याचीच मला जास्त किळस आली. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं. मी तोंडाला येईल ते बोलले, बोलायची काही ठेवली नाही. त्यांनी मला पाणी दिलं आणि बीपीची गोळी घेतली का विचारलं.

शेंड्याकडचे चार झुबके करवतीच्या तावडीतून सुटले होते, तेही फांद्या ओढताना खाली आले. कावळ्याच्या हाती दिला कारभार, पुढचं मी लिहीत नाही.

कार्यक्रम संध्याकाळी होता. हे म्हणाले, जाऊ नकोस. मी गेले, कारण जिज्जीला बोलावलं होतं आणि तिला त्या गर्दीत एकटी सोडवेना. उंच दांड्याच्या काचेच्या ग्लासात कसलंसं गुलाबी सरबत फिरत होतं, महुआ मॉकटेल. त्यात मोहाचा म सुद्धा नव्हता. माइकवरून एक साहेब मातीची नाळ, मुळांचा वारसा असं काही तरी सांगत होते आणि त्यांच्या डोक्यावर बांधलेल्या फांद्यांतून, गरम दिव्यांनी की कशाने, फुलं गळत होती. एक फूल त्या साहेबांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी ते चिमटीने झटकलं.

जिज्जी पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली. स्टेजच्या पायरीशी तिने चप्पल काढली, वर गेली आणि साहेबांच्या पायाशी वाकून फुलं वेचायला लागली, एकेक करून, पदरात. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मॅडम माइक घेऊन म्हणाल्या, "बघा, किती सहज, किती सुंदर!" कुणीतरी तिला म्हणालं, अम्मा, जरा इधर देखिए.

मी ओरडले, "बंद करा तो तमाशा!" पण गाणं लावलं होतं, त्यात माझा आवाज कोण ऐकतं.

मग सत्कार झाला. शाल, नारळ, आणि रंगीत खोक्यात मोहाच्या दारूची एक महागडी बाटली, लेबलवर तेच सोनेरी फूल. जिज्जीने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मॅडमना विचारलं, "ये किसके पेड़ की है?" मॅडमना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, कंपनीची आहे. जिज्जीने बाटली त्यांच्या हातात परत दिली, शाल खुर्चीवर ठेवली आणि पदर सांभाळत गेटबाहेर गेली.

तिच्या घरी गेले तेव्हा तिने फुलं परातीत ओतली होती. जेमतेम दोन ओंजळी. त्यांनाही प्लास्टिकच्या गवताचा आणि फिनाईलचा वास. तिने तीन पाण्यांनी धुतली, नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली. एवढ्यात धार निघत नाही, हे मलाही माहीत होतं. "अगले साल," मी म्हटलं. बोडक्या झाडाला पुढच्या वर्षी कुठला फुलोरा येणार आहे?

दुसऱ्या दिवशीपासून जिज्जीने आपली खाट घराबाहेर काढली. दिवस-रात्र ती आता तिथेच असते. काल कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला, गेटसमोर खाट टाकून बसणाऱ्यांमुळे एंट्रीचा लुक खराब होतो आहे, कुणीतरी समजावून सांगावं. खाली अंगठ्यांची रांग. मी फोन आपटलाच. तशीच उठून जिज्जीकडे गेले, तिला हे सांगायला नाही, नुसती बसायला.

ऊन चढलं होतं. खाटेशी दोन कप होते, एक रिकामा आणि एक भरलेला. भरलेल्यावर साय धरली होती. मी म्हटलं, "जिज्जी, आत चल. लू लागेल."

ती सरकली आणि मला खाटेवर जागा करून दिली. म्हणाली, "वो भीतर नहीं आ सकते, बहू. तो मैं ही बाहर आ गई."