बाजारचौकातील दगड आणि आमच्या पहिल्या नारळाबाबत

अर्जदार: खाली सही करणार, वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण दहावीपर्यंत, व्यवसाय दिवसा गोदामात व उरलेल्या वेळी अर्जलेखन. गैरअर्जदार: आमच्या गावचे इतिहास मंडळ, अध्यक्षांसह. घटनास्थळ: बाजारचौकातील, पूर्वी घोड्यावर चढण्यासाठी वापरात असलेला दगड. तारीख: आमची पहिली गाडी वॉटफर्डहून आणली तो, दसऱ्यालगतचा शनिवार. साक्षीदार: एक, माझी पत्नी, दोन, शेजारच्या वयस्कर बाई, तीन, चौकातला खाटीक, ज्याने दुकानाच्या काचेतून सर्व पाहिले. नावे मुद्दाम देत नाही. गाव इतके लहान आहे की ज्याचे त्याला कळेल.

हे गाव इंग्लंडात, लंडनबाहेरच्या वॉटफर्डच्याही पलीकडे, शेतांच्या मधोमध आहे. माझी पत्नी येथील रुग्णालयात परिचारिका म्हणून आली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. त्यापूर्वी मी नागपुरास कचेरीबाहेर टेबल टाकून बसत असे. येथे टेबल टाकू देत नाहीत, तरीही पार लंडनच्या एजवेअरपासून लोक मजकडे अर्ज लिहवून घेतात. कौन्सिलला कोणत्या स्वरात लिहावे आणि शाळेला कोणत्या, हे समजण्यास पदवी लागत नाही.

आता मूळ घटना. गाडी दारात आली. पत्नीने हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि नारळ माझ्या हाती दिला. आमच्या घराचा उंबरा लाकडी. फुटपाथच्या कडेवर मी नारळ आपटला, तो फुटला नाही, निसटून उतारावरून घरंगळत चौकापर्यंत गेला. आम्ही मागोमाग गाडी घेऊन गेलो. मुलगी तेव्हा लहान, मागच्या सीटवर झोपलेली.

"अहो, आता इथंच फोडा. चांगला दगड आहे," पत्नी म्हणाली.

"सार्वजनिक मालमत्ता आहे."

"नारळ काय मालमत्ता खातोय? आणा इकडे." आणि तिने एका फटक्यात फोडला. ही बाब मी विशेषकरून नोंदवू इच्छितो. पहिला नारळ पत्नीने फोडला, मी नव्हे.

शेजारच्या बाई बाजाराची पिशवी घेऊन उभ्या होत्या. "हे काय आहे? स्फोट होणार का?" असे त्यांनी विचारले. पत्नीने त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला. तो त्यांनी खाल्ला.

पुढे त्यांच्या नातवाने गाडी घेतली तेव्हा त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ते खोबऱ्याचं कराल का? तुमच्या गाडीला अजून एक ओरखडासुद्धा नाही." पत्नीने केले. मग खाटकाने व्हॅन आणली. त्यानंतर गाडी शिकवणाऱ्या एका गृहस्थाने पास झालेल्या प्रत्येक शिष्यास दगडाकडे पाठविण्यास सुरुवात केली. भाजीवाल्याने बटाट्यांशेजारी नारळांची टोपली मांडली. हळूहळू लोक आमच्याशिवायच फोडू लागले, आणि आम्हास त्यात काही वावगे वाटले नाही.

नंतर इतिहास मंडळाने गावाच्या आठवणी गोळा करण्याची सभा चर्चच्या हॉलमध्ये भरविली. चहा आणि केक होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दारूच्या गुत्त्यात रोज बसणारे एक आजोबा उठून म्हणाले, "माझ्या आजोबांना त्या दगडावर नारळ फोडताना मी स्वतः पाहिलंय. लढाईवर जाण्याआधी." सभागृह हळहळले. मग शेजारच्या बाई उठल्या. त्यांच्या आईने लहानपणी त्यांना दगडावरचे खोबरे भरविल्याचे त्यांनी सांगितले.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठले. "बाई, तुम्हीच मला विचारलं होतं की स्फोट होणार का!"

"हो, विचारलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण मग आठवलं ना."

साक्षीदार क्रमांक तीन, खाटीक, यांस विचारता त्यांनी सांगितले की त्यांच्या दुकानाची काच कसायांच्या पाच पिढ्यांनी पुसली आहे, आणि प्रत्येक पिढीने त्या काचेतून नारळच पाहिला असणार.

मंडळाने फलक लावला. त्यानुसार जुन्या जत्रांमध्ये चेंडू मारून नारळ पाडण्याचा जो खेळ असे, त्यातील विजेता आपला नारळ या दगडावर फोडून प्रवासास निघत असे; प्रथेचा उगम अज्ञात. आम्ही फलकापासून दोन गल्ल्यांवर राहतो.

हे सर्व मी सोडून दिले असते. परंतु यंदा आमची मुलगी गाडीची परीक्षा पास झाली आणि तिला वेल्समधील खेड्यांत, घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम देण्याची नोकरी लागली. तिकडे गाडीवाचून गत्यंतर नाही. तिने जुनी छोटी गाडी घेतली. पत्नी नारळ घेऊन चौकात गेली, तो दगडाभोवती साखळी. शेजारी पाटी: प्रथा संरक्षित आहे, खासगी नारळ फोडू नयेत.

मी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते निवृत्त जमीनमोजणीदार आहेत. त्यांनी मला बसविले, बिस्किट दिले.

"आपल्या भावना समजतात," ते म्हणाले. "पण प्रथा वर्षातून एकदाच, मेच्या पहिल्या शनिवारी. कुणीही कधीही करायला लागलं तर तिचं प्राचीनपण कसं टिकेल?"

"साहेब, ही प्रथा माझ्या बायकोनं सुरू केली आहे."

"प्रत्येक प्रथेबद्दल कुणाला तरी असं वाटतंच," ते प्रेमाने म्हणाले, आणि आणखी एक बिस्किट पुढे केले.

म्हणून आम्ही त्या शनिवारी गेलो. बँड वाजला. अध्यक्ष पिसाची टोपी घालून दगडावर चढले. त्यांनी नारळ भाजीवाल्याकडून तासून गुळगुळीत करून आणला होता. पहिल्या फटक्यात तो उसळला. दुसऱ्यात बँडच्या ढोलावर गेला. लोक टाळ्या वाजवीत होते, कारण त्यांना वाटले असेच असते.

"अहो, शेंडी कुठाय त्याची? शेंडीशिवाय धरणार कशी?" पत्नी माझ्या कानाशी कुजबुजली. मग कुजबुज संपली. "सरका!" ती पुढे गेली, अध्यक्षांच्या हातून नारळ काढून घेतला, फिरवून डोळे वर आणले, आणि फोडला. पाणी अध्यक्षांच्या बुटांवर गेले. चौक दणाणला.

मला वाटले, न्याय झाला. परंतु मंडळाच्या पुढील पत्रकात आले की, परंपरेनुसार गर्दीतील एक अनोळखी स्त्री नारळ हिसकावून घेते. हा भाग मध्यंतरी लुप्त झाला होता, यंदा तो पुन्हा दिसल्याने मंडळास आनंद आहे. शेजारच्या बाईंनाही तशी स्त्री आठवते.

"घ्या, झाला की नाही तुमचा नारळ," मी पत्नीस म्हटले.

"तो गावाचा होता. पोरीचा कुठं झाला?"

मुलगी तिच्या मराठीत म्हणाली, "आई, मला माझा गाडी घेऊन सोमवारी जॉइन करायचा आहे. मी नारळ तिकडे फोडेन, प्रॉमिस."

"तिकडं कुठं? मेंढीच्या डोक्यावर?" आणि पत्नीने गाडीची किल्ली कमरेला खोचली. तेव्हापासून ती तेथेच आहे. रुग्णालयात पाळीवर जातानाही ती किल्ली नेते. मुलीने सामान भरले आहे. गाडी दारात उभी आहे. मुलगी रोज सकाळी आईकडे पाहते आणि आई चहा गाळते. तिने तिघांचे डबे केले तरी दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. हे पाहणे मला जड जाते, आणि मजपाशी अर्ज करण्यावाचून दुसरे साधन नाही.

सबब विनंती अशी की, फलकातील "उगम अज्ञात" हे शब्द राहू द्यावेत, पत्रकातील "अनोळखी स्त्री" हेही राहू द्यावे, पत्नीस त्याची फिकीर नाही, आणि मी माझी तक्रार या अर्जापुरती मागे घेतो. केवळ येत्या रविवारी दुपारी, एका मुलीच्या एका गाडीसाठी, एक नारळ फोडण्यापुरती साखळी काढावी. नारळ, शेंडीसह, आम्ही आणू. करवंटीचे तुकडे आम्ही उचलू. खोबरे मंडळासही मिळेल.

कृपया लेखी उत्तर शनिवारपर्यंत कळवावे. उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरून आम्ही तिघे चौकात हजर राहू, आणि अध्यक्षांनी, जमल्यास टोपीशिवाय, यावे.

कळावे,
अर्जदार