डाव्या कडेचं नाव

त्या रविवारी विहारातून घरी आल्यावर मीच बाबांना म्हटलं, चला, दोघं मिळून गाड्यांची रेस खेळू. मी पुण्याहून आठ दिवसांसाठी राजूरला आले होते. बाबा वीस वर्षांपासून एका ठेकेदाराचा कोळशाचा ट्रक चालवत होते. कॉम्प्युटरवरची गाडी चालवायला कसली अक्कल लागते, म्हणून ते हसले आणि बसले.

घरात नेटची रेंज धड नव्हती, पण या खेळाला नेट लागत नाही. दोन कॉम्प्युटर एका वायरीनं जोडले की झालं. माझा लॅपटॉप समोरच्या खोलीत होता, भावाचा जुना कॉम्प्युटर आतल्या. वणीहून आणलेली लॅन केबल दारातून आत नेली, दोन्हीकडे आयपी नंबर टाकले, खेळ माझ्याकडून सुरू केला आणि बाबांना सांगितलं, स्क्रीनवर माझं नाव येईल, त्यावर क्लिक करा.

"नाही आलं," ते आतून म्हणाले.

मी केबल काढून पुन्हा खोचली. नंबर तपासले. फायरवॉल बंद केली. दर वेळी विचारलं, दर वेळी तेच उत्तर. असा अर्धा तास गेला. माझ्या लॅपटॉपवर तर पलीकडचा कॉम्प्युटर सापडल्याचं दिसत होतं. शेवटी वैतागून आत गेले.

नाव आलेलं होतं. स्क्रीनच्या डाव्या कडेला, चांगल्या ठळक पिवळ्या अक्षरांत. आणि बाबा उजवीकडच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले होते.

मी नावावर बोट ठेवलं. त्यांनी मान वळवली. "आता आलं असन," म्हणाले.

रेस सुरू झाली तेव्हा मी माझी गाडी तशीच सोडली आणि त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांचा हात सराईत होता. उजवीकडची वळणं ते झोकात घेत. पण डावीकडून खेळातली दुसरी गाडी आली की सरळ तिच्यावर जात. डावीकडचा कठडा, डावीकडचा खांब, काहीच सुटलं नाही. मला वाटलं, मुद्दाम आदळताहेत, माझी थट्टा करताहेत. तसं विचारलंही. त्यांना राग आला.

मग मी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. माझ्या नाकाकडेच बघा, बोट दिसलं की सांगा, म्हटलं. उजव्या कानाकडून बोट आणलं, त्यांनी लगेच सांगितलं. डावीकडून आणायला लागले. बोटानं कान ओलांडला, डोळा ओलांडला, ते जवळजवळ नाकासमोर आलं.

"दाखव तं आधी," बाबा म्हणाले.

आई दारात उभी होती. ताटात डावीकडे वाढलेली चटणी हल्ली तशीच राहते, एवढंच ती बोलली आणि खाली बसली. सकाळी सहाला बाबा ट्रक घेऊन निघणार होते. त्यांनी स्वतःच ठेकेदाराला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला डॉक्टरांनी सांगितलं, डोळे चांगले आहेत. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा कधीतरी अडला होता. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं गेलंय, आणि ते गेल्याचं माणसाला कळतही नाही. कधीपासून, हे त्यांना सांगता येईना. काही महिने असतील.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीबाहेरचा रस्ता बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ट्रक नेतो त्या वळणावर डावीकडेच शाळा हाय."

त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. दोन दिवस ते त्यांच्या ट्रकच्या रस्त्यानं पायी फिरले, मी सोबत. शाळेत, पंक्चरच्या दुकानात, थांब्यावर बाबा विचारत गेले, कोणाला माझ्या गाडीचा धक्का लागला का. कोणालाच लागला नव्हता. फक्त एक भाजीवाला म्हणाला, ट्रक इतका अंगावर आला, की हातगाडी टाकून मी नालीत उडी मारली. ड्रायव्हर पिऊन असन, असं त्याला वाटलं होतं.

"पिऊन नव्हतो भाऊ," बाबा म्हणाले. "मले तू दिसलाच नाही."

भाजीवाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाबांनी हात जोडले.

आता ते ट्रक सोडून, कोळशाच्या गाड्या तोलतात त्या वजनकाट्यावर कामाला बसतात. डावीकडचं दिसणं परत आलं नाही.