टेबलावरची राखड

आनंद गेल्याचा फोन आला, तेव्हाही मी आधी विचारलं, "कोण बोलून राह्यलं?" काय करणार, संशय माझ्या हाडात आहे. वीज केंद्रात तो फिटर, मी स्टोअरला. आणि स्टोअरवाल्याला माणसाच्या आधी त्याची पिशवी दिसते. आनंद यावरून मला फार चिडवायचा. आता कोण चिडवणार...

कॉलनीत राखड, म्हणजे केंद्राच्या धुराड्यातून उडून येणारी राख, रोजचीच. बाया सकाळी उठल्या की आधी फडकं हातात घेतात. आनंद मात्र व्हरांड्यातल्या टेबलावर मोठा कागद ओला करून पसरायचा आणि राखड बसू द्यायचा. मग त्यावर चहाचं पाणी, कोळसा, गंजाचे डाग. याला चित्र म्हणतात हे मला कधी पटलं नाही. त्यातलं एक मोठ्या शहरातल्या संग्रहालयानं घेतलं, तेव्हा मला वाटलं, याला कोणीतरी बनवून राह्यलं.

तो गेल्यावर मी मुद्दाम ते चित्र बघायला गेलो. बघतो तर मधोमध पांढरा पट्टा! पुसल्यासारखा, डाव्या टोकाला वर वळलेला. हाच कागद मी एका संध्याकाळी आनंदच्या टेबलावर पाहिला होता, या काठापासून त्या काठापर्यंत करडा. म्हणजे इथल्याच कोणीतरी धूळ समजून फडकं मारलं असणार. तिथल्या बाई म्हणाल्या, चित्र आलं तेव्हापासून असंच आहे. चोर कधी कबूल होतो का? आनंद तर बोलायला उरला नव्हता. मी पेपरात तक्रार द्यायचं ठरवलं आणि त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, लोक वंदना करून उठून गेल्यावर, त्याच्या बायकोला, वहिनींना, तसं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या,

"भाऊ, ते मीच पुसलं. राखड दिसली का हात थांबत नाई माझा. खाली कागद हाय हे कळलंच नाई."

मग त्यांनी सांगितलं, त्या दिवशी आनंद आला, त्यानं पाहिलं, दिवसभर बोलला नाही. त्या रडकुंडीला आल्या. संध्याकाळी त्यानं कोपऱ्यात सही केली आणि म्हणाला, "आता झालं."

खोटं कशाला सांगू, मला वहिनींचाही संशय आला. नवऱ्यामागे भांडण नको म्हणून संग्रहालयाच्या चुकीवर पांघरूण घालताहेत, असं वाटलं. माझं तोंड पाहून त्यांनी ओळखलंच. व्हरांड्यात गेल्या. आनंद गेल्यापासून ते टेबल कोणी पुसलं नव्हतं. राखडीचा चांगला थर बसला होता. वहिनी डावखुऱ्या. त्यांनी फडकं घेतलं आणि उजवीकडून डावीकडे एकच हात ओढला, शेवटी मनगट वर वळवून.

डाव्या टोकाला वर वळलेला तोच पट्टा. माझ्या डोळ्यात पाणी आलं. आनंद तर उजव्या हाताचा होता, त्याचा हात असा वळला नसता.

एवढं करून वहिनींनी फडकं बाजूला ठेवलं. त्या रोज सगळं घर पुसतात. त्या टेबलाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावलेला नाही.