कडेला न लिहिलेली ओळ

२७ ऑगस्ट १९९८, गुरुवार, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटे. शिरूरच्या आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत, कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढणारी लेखणी एकाएकी वर उसळली. मी वर्गात शिकवीत होतो. खोलीत बिराप्पा एकटे होते.

बिराप्पा आता नाहीत. ते आमचे प्रयोगशाळा परिचर. न्हावऱ्याच्या मेंढपाळ घरातले, अकरा वर्षे हंगामी. छतावर आम्ही तारेचे मोठे वेटोळे बसवले होते. दूरच्या रेडिओ प्रक्षेपकाच्या लहरी त्यात येत आणि त्यांचा जोर कागदावर उमटे. आकाशातून क्ष-किरणांचा मारा झाला की वातावरणाचा वरचा थर बदलतो आणि हा जोरही बदलतो. बिराप्पा दर तासाला कागदाच्या कडेला पेन्सिलीने वेळ घालून लिहीत : 'काही नाही.' खोलीतला पंखा लावला, तर तेही लिहीत. काहीच नसताना लिहायचे कशाला, असे मी एकदा विचारले.

"मेंढरं मोजून भरली, तरी बापाला वरडून सांगायचं, सर. न्हाई सांगितलं तर मोजलीच न्हाईत असं धरायचा म्हातारा. आन् मग काठी."

महिन्याभराने वर्तमानपत्रात बातमी आली. शिरूर ते न्हावरे एवढ्याच रुंदीचा, अफाट चुंबकत्वाचा एक मृत तारा भडकला होता. त्याचे क्ष-किरण पृथ्वीवर पोहोचले, ती वेळ आपल्या घड्याळाने तीन बावन्नची. मी गुंडाळी काढली. उसळी तिथेच होती. दिवसा सूर्यच त्या थराला भारून ठेवतो. असा परिणाम दिसणे अवघड, हे मला ठाऊक होते. पण कडेला शेरा नव्हता; म्हणजे खोलीत काही घडले नाही, असे मी धरले. चारचे 'काही नाही'ही तिथे नव्हते. तिकडे मी लक्ष दिले नाही.

पुण्याच्या शास्त्रज्ञांना पाठवायचे पत्र मी चार दिवस खोडून लिहीत होतो. चूक निघाली तर तीस वर्षांचा शब्द जाणार होता. "तुमचेही नाव घातले आहे," असे मी बिराप्पांना सांगितले, तेव्हा त्यांच्या हातून काचेचे चंचुपात्र पडले. त्यांना कायम करण्याची शिफारस तेव्हा माझ्याच टेबलावर होती.

मी दौंडला राहत असे. स्टेशनवरच्या टपाल कचेरीत पत्र टाकावे म्हणून साडेचारच्या एस.टी.त बसलो. गाडी हलणार, तोच खिडकीवर थापा पडल्या. खाली बिराप्पा. धाप लागलेली.

"उतरा, सर. पत्र टाकू नगा."

"का?"

"उतरा म्हंतो ना!"

कंडक्टर ओरडला, "मास्तर, ठरवा काय ते. ही गाडी हाय, तुमची प्रयोगशाळा न्हाई!"

मी उतरलो.

"गणपतीत मंडळाची पोरं आली व्हती," बिराप्पा जमिनीकडे पाहत म्हणाले. "लायटिंग बघायची म्हनली, आन् त्यांच्या खांबाला वीज न्हाई. खिडकीतनं वायर घेतली, आपल्या बोर्डात मीच घातली. पेन उडाला. भ्यालो. कायम व्हायचं जवळ आलंवतं."

"लिहिले का नाही?"

"लिव्हायला बसलो व्हतो. हात उठला न्हाई."

पत्र मी तिथेच फाडले. आम्ही महाविद्यालयाकडे चाललो. फाटकापाशी त्यांनी विचारले, "आन् माझा कायम करायचा कागूद?"

"उद्या जाईल."

"बघा हां, सर. ज्यानं लपवलं त्याचा कागूद हाय त्यो."

"ज्याने गाडी थांबवली, त्याचाही आहे."

प्रयोगशाळेत त्यांनी जुनी गुंडाळी उलगडली. उसळीशेजारी, लिहिण्याच्या दिवसाचीच तारीख घालून लिहिले : 'मंडळाची वायर मी लावली. तेव्हा लिहिले नाही.' खाली सही केली. मग आकाशवाणीच्या सहाच्या ठोक्यांना घड्याळ जुळवले, चालू गुंडाळीच्या कडेला पेन्सिल टेकवली, आणि मी हाताच्या अंतरावर उभा असताना, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले,

"सहा वाजले, सर. काही न्हाई!"